पन्हे आणि पानक

बंगळूर शहरातील चामराजपेट ही वस्ती १८९२ साली वसविण्यात आली. म्हैसूरचे तत्कालीन महाराज दहावे चामराजेंद्र वडेयर यांचे नाव तिला देण्यात आले. सरळ आखलेले मुख्य रस्ते आणि त्यांना छेदणारे आडरस्ते अशी तिची मांडणी असून, नव्या बंगळूरच्या आखीव वसाहतींपैकी ती अगदी आरंभीची होय. कन्नड साहित्य परिषदेचे घर याच पेठेत आहे. येथील श्रीरामसेवा मंडळीने १९३९ पासून चालविलेला रामनवमीचा संगीतोत्सव तर साऱ्या दक्षिणेत प्रसिद्ध आहे. अशा या वस्तीत चैत्राच्या दिवसांत एखादा मराठी पाहुणा आला, की त्याच्या हाती एक पेला दिला जातो आणि यजमान सांगतो, "पानक घ्या." पाहुणा मनाशी म्हणतो, हे आपले पन्हेच. पहिल्या घोटालाच त्याचा अंदाज चुकतो. पेल्यात कैरीचा मागमूसही नसतो. गुळाचे पाणी, त्यात सुंठ, वेलदोडा, थोडी मिरी आणि लिंबाचा रस असा तो प्रकार असतो. पेय उत्तम, पण ओळखीच्या नावाने भलतीच वस्तू पुढे आलेली.

नाव एक आणि वस्तू दुसरी, किंवा वस्तू तीच आणि नाव निराळे, हा अनुभव प्रवाशाला अन्नापेक्षा पेयांच्या बाबतीत अधिक वारंवार येतो. त्याचे कारणही उघड आहे. भाकरी, भात, वरण हे घरात शिजते आणि त्याचे नाव घरच्या बोलीत टिकून राहते. तहान मात्र वाटेवर लागते. ती भागविणारा माणूस बहुधा परक्या बोलीचा असतो. त्यामुळे पेयांच्या नावांत व्यापाराचा, सत्तेचा आणि शेजाराचा इतिहास फार लवकर उमटतो.

बंगळूर आणि मराठी भाषा यांचा शेजार तर पावणेचारशे वर्षांचा आहे. १६३८ साली विजापूरच्या फौजेने रणदुल्लाखानाच्या नेतृत्वाखाली केंपेगौडाकडून बंगळूर घेतले आणि पुढे ते शहाजीराजे भोसले यांच्या जहागिरीत आले. शहाजीराजांच्या दरबारात संस्कृत, मराठी, कन्नड, तेलुगू, फारसी अशा अनेक भाषांचे लोक वावरत. त्या दरबारातील कवी जयराम पिंड्ये बारा भाषांत रचना करीत असे. त्याचा 'राधामाधवविलासचंपू' हा ग्रंथ इतिहासाचार्य राजवाडे यांनी १९२२ मध्ये प्रसिद्ध केला. शहाजीराजांचे पुत्र एकोजी यांचा १६६९ सालचा शिलालेख मल्लेश्वरम येथील काडु मल्लेश्वराच्या देवळापाशी आहे, आणि तो कन्नडमध्ये आहे, ही गोष्ट येथे ध्यानात घेण्यासारखी आहे. मराठी सरदार कन्नड प्रजेशी कन्नडात बोलत होता. पुढे एकोजी तंजावरास गेले. १६८७ साली बंगळूर मोगलांच्या हाती पडून लगेच म्हैसूरच्या चिक्क देवराज वडेयर यांच्याकडे गेले आणि मराठी सत्तेचा तेथील अध्याय संपला. भाषेचा मात्र संपला नाही.

याच घराण्याच्या आश्रयाने वाढलेले एक कारभारी घराणे म्हणजे हणमंते. नारोपंत हणमंते शहाजीराजांचे कारभारी होते. त्यांचे पुत्र रघुनाथपंत प्रथम एकोजींच्या पदरी होते व नंतर शिवाजी महाराजांकडे आले. महाराजांच्या आज्ञेने सिद्ध झालेला 'राजव्यवहारकोश' या रघुनाथपंतांचाच, असे सामान्यतः मानले जाते. राज्यकारभारातील फारसी शब्दांच्या जागी संस्कृत प्रतिशब्द योजणे हा त्या कोशाचा हेतू; आणि त्यात भोग्य वस्तूंचा एक स्वतंत्र वर्गही आहे. म्हणजे मुदपाकखान्यातल्या वस्तूंना कोणत्या भाषेत हाक मारावी, हा प्रश्न त्या काळी राजमुद्रेच्या आणि सनदांच्या बरोबरीने विचारात घेतला गेला होता. आज हा प्रश्न किरकोळ वाटतो. त्यांना तो वाटला नव्हता.

आता पानकाकडे वळावे. 'पान' म्हणजे पिणे, त्यावरून पानक. शब्द फार जुना आहे. बौद्धांच्या विनयपिटकात भिक्षूंना दुपारनंतर घेता येतील अशी आठ पाने सांगितली आहेत, आणि त्यांत पहिले नाव अंबपान, म्हणजे आंब्याचे. त्यापुढे जांभळाचे, केळ्याचे, मधाचे, द्राक्षाचे अशी नावे येतात. आयुर्वेदाच्या ग्रंथांतही पानकांची योजना आहे. मराठीतील 'पन्हे' हा शब्द व्युत्पत्तिकार याच पानकाशी जोडतात. कन्नडने तो शब्द जवळजवळ जसाच्या तसा ठेवला. मराठीने तो प्राकृताच्या वाटेने झिजवून घेतला. इतकाच फरक असता तर त्यात विशेष काही नव्हते. खरी गंमत अर्थाची आहे. कन्नडमध्ये पानक हे जातिवाचक नाव राहिले: लिंबाचे पानक, गुळाचे पानक, कैरीचे म्हणजे 'माविनकायि पानक'. मराठीत पूर्वी चिंचेचेही पन्हे होत असे, तरी हळूहळू त्या शब्दाने कैरीचा एकटीचा हात धरला. आज नुसते 'पन्हे' म्हटले की कैरी सांगावी लागत नाही. मग इतर गोड पेयांसाठी मराठीने काय केले? तिने सरबत घेतले.

सरबत हा शब्द अरबीतील पिण्याच्या धातूपासून निघाला व फारसीच्या द्वारे दख्खनमध्ये आला. हाच शब्द तुर्कांच्या मार्गे युरोपात जाऊन तेथे निरनिराळी रूपे घेऊन बसला. दख्खनच्या सुलतानी राजवटींचा मराठी मुलुखाशी दीर्घ संबंध आला, म्हणून सरबत मराठीत सर्वव्यापी झाले. कन्नडमध्येही 'षरबत्तु' आहे, परंतु देवघरात त्याला प्रवेश नाही. तेथे पानकच चालते. महाराष्ट्रातही नेमका हाच भेद दिसतो. चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला पन्हे देतात, सरबत देत नाहीत. लिंबाचे सरबत कोणाही पाहुण्यासमोर ठेवता येते. पन्ह्याला मात्र चैत्र लागतो. जुना शब्द देवाकडे आणि नवा शब्द दिवाणखान्यात, अशी ही वाटणी दोन्ही भाषांत आपोआप झालेली आहे.

चैत्रगौरीचे नाव निघाले म्हणून एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. मराठी घरांत पन्ह्याबरोबर आंब्याची डाळ असते: भिजविलेली हरभऱ्याची डाळ वाटून, तीत किसलेली कैरी घालून वर फोडणी दिलेली. बंगळूरकडे पानकाबरोबर 'कोसंबरी' असते: भिजविलेली मुगाची डाळ, तीत काकडी, ओले खोबरे, कोथिंबीर आणि वर मोहरीची फोडणी. एक पेय आणि एक भिजली डाळ ही जोडी दोन्हीकडे तीच, आणि महिनाही तोच. उन्हाळा चढू लागला की पोटाला काय हवे, हे दोन्ही प्रांतांतील गृहिणींनी एकाच रीतीने ठरविलेले दिसते. पुन्हा कोसंबरी हा शब्द मराठी कानाला परका नाही. तो आपल्या 'कोशिंबिरी'चा सख्खा भाऊ आहे. दोहोंच्या मागे संस्कृतातील कुस्तुंबरी, म्हणजे कोथिंबीर, असावी असे मानण्यास जागा आहे. कोणी कोणाकडून घेतला हा वाद विद्वानांनी करावा. महाराष्ट्रात रामजन्माच्या वेळी सुंठवडा वाटतात, आणि बंगळूरच्या पानकातही सुंठ अटळ असते. एकीकडे ती कोरडी तळहातावर येते, दुसरीकडे पाण्यातून.

नावांचे हे स्थलांतर इतर पेयांतही दिसते. नाचणीची किंवा ज्वारीची आंबील कोल्हापुराकडे रेणुकेच्या यात्रेला होते. तीच कन्नड व तेलुगू प्रदेशात अंबलि. याच्या उलट उसाच्या रसाची गोष्ट. मराठी माणूस 'रसवंती'त जाऊन रस मागतो. कन्नड भाषा त्याला 'कब्बिन हालु' म्हणते, म्हणजे शब्दशः उसाचे दूध. चामराजपेटेजवळच्या बाजारात ही पाटी पहिल्यांदा वाचणाऱ्या मराठी माणसास आधी हसू येते आणि मग वाटते की ही कल्पना आपल्याला सुचली असती तर बरे झाले असते. शहाळ्याचेही तसेच. मराठीने कोवळ्या नारळाला, फळाला, स्वतंत्र नाव दिले आणि आतल्या पाण्याला 'शहाळ्याचे पाणी' म्हणून मोकळी झाली. कन्नडने पाण्याला नाव दिले: 'एळनीरु', कोवळे पाणी. गोव्यात हेच फळ 'आडसर' होते. वस्तू कोणत्या टोकाने धरावी हे प्रत्येक भाषा आपापल्या मनाने ठरविते.

कोकणात फळाला रत्नागिरीकडे रातांबा म्हणतात, सिंधुदुर्ग व गोव्याकडे भिरंड. वाळविलेली साल म्हणजे आमसूल किंवा सोल. आणि साखरेत मुरविलेल्या रसाचे पेय मात्र कोकम सरबत. घाटावर गेलेल्या कोकण्याने बाटलीत भरून जे विकायला नेले त्याचे नाव सर्वत्र झाले, आणि जे घरीच प्यायले जाई, ती सोलकढी किंवा नारळाच्या दुधाविना केलेले तिवळ, यांची नावे घरच्याच बोलीत राहिली. हेच फळ घाट उतरून कर्नाटकात गेले की मुरुगल होते आणि तुळू मुलुखात पुनर्पुळि. नीरेची गोष्ट आणखी निराळी आहे. महाराष्ट्रात नीरा म्हणजे ताडामाडाचा किंवा शिंदीचा न आंबलेला गोड रस. १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्यानंतरच्या काळात ताडीची जागा घेणारे निर्दोष पेय म्हणून तिचा पुरस्कार झाला आणि गावोगाव नीरा केंद्रे निघाली. गोव्यात मात्र 'नीरो' म्हणजे काजूच्या बोंडांचा ताजा रस. झाड वेगळे, रस वेगळा. सारखी आहे ती फक्त अजून न आंबण्याची अवस्था. कन्नडमध्ये तर 'नीरु' म्हणजे साधे पाणीच. संस्कृतातील 'नीर' हा शब्द मुळात द्राविडी भाषांतून आलेला, असे अनेक भाषाशास्त्रज्ञ मानतात.

या घरगुती नावांच्या जगात एकोणिसाव्या शतकात एक परके पाणी आले. इंग्लंडातील जोसेफ प्रीस्टली याने १७६७ साली लीड्स येथील दारूच्या भट्टीतील वायू पाण्यात मिसळून पाहिला आणि १७७२ मध्ये त्याची कृती छापून प्रसिद्ध केली. जेकब श्वेपे याने १७८३ च्या सुमारास जिनीव्हात त्याचा धंदा केला आणि १७९२ मध्ये तो लंडनला नेला. तेथून गोऱ्या पलटणींबरोबर हे पाणी हिंदुस्थानात आले. बंगळूरची छावणी १८०९ ची, मुंबई-पुण्याच्या छावण्या त्याआधीच्या व नंतरच्या. छावणी तेथे सोडा हा नियमच झाला. उत्तरेकडे सामान्य लोक त्यास 'बिलायती पानी' म्हणत, अशी नोंद यूल आणि बर्नेल यांच्या १८८६ च्या प्रसिद्ध कोशात आहे. विलायती वांगे, विलायती चिंच, तसेच विलायती पाणी! जे पाणी येथल्याच विहिरीचे होते, त्याला केवळ बुडबुड्यांमुळे विलायतेचे नागरिकत्व मिळाले.

१८७२ साली हायरम कॉड या इंग्रजाने काचेच्या गोटीची बाटली काढली. बाटली उलटी धरून भरावयाची. आतल्या वायूच्या दाबाने गोटी गळ्यातील रबरी कड्यावर घट्ट बसते, आणि पिताना लाकडी खुंटीने ती आत ढकलावयाची. ढकलताना जो आवाज होतो त्यावर पोरे भाळली, आणि बाटलीला नावही पोरांच्या खेळाचेच मिळाले. मराठीत गोटी म्हणून गोटी सोडा, कन्नड-तमिळमध्ये गोली म्हणून गोली सोडा, दिल्लीकडे बंटा. तीन प्रांतांतील मुले गोट्यांना काय म्हणतात हे पाहावयाचे असेल तर सोड्याचे नाव विचारावे. रंगीत गोड सोड्याला मराठीत 'लेमन' म्हणत, मग त्यात लिंबू असो वा नसो. 'सोडालेमन' असा जोडशब्दच रूढ झाला होता. तमिळ मुलुखात त्याच पेयाला 'कलर' हे नाव पडले. मराठीने चवीचे नाव घेतले, तमिळने रंगाचे. बंगळूरला मराठी माणूस फसतो तो 'पन्नीर सोडा' या शब्दाने. त्यात पनीर नसते. पन्नीर म्हणजे गुलाबपाणी.

पारशी मंडळींनी हा धंदा पश्चिम हिंदुस्थानात नावारूपाला आणला. मुंबईचे पालनजी १८६५ चे, पुण्याचे आर्देशीर १८८४ चे, आणि मुंबईचेच ड्यूक १८८९ चे. इराण्याच्या हॉटेलातील 'रासबेरी' ही याच परंपरेतील.

या बाटलीचा सामाजिक परिणाम मात्र कोशांत सापडत नाही. ज्या समाजात पाणी कोणाच्या हातचे हा प्रश्न धर्माचा होता, त्या समाजात ती आली. पुण्यात १८९० साली पंचहौद मिशनमध्ये चहा घेतल्यावरून ग्रामण्य उठले, लोकमान्य टिळक आणि न्यायमूर्ती रानडे यांच्यासारख्यांची नावे त्यात गोवली गेली आणि प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले. महाड येथे चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेण्यासाठी २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकरांना सत्याग्रह करावा लागला. मुखबंद बाटलीतले पाणी कोणी भरले हे दिसत नसे. पैसे टाकले की ती मिळे आणि बाटली विचारीत नसे. तिने भेदाभेद नाहीसा केला असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल, कारण दुकानात बसावयाच्या जागा आणि प्यायचे पेले तेव्हाही वेगळेच असत. परंतु पाण्याला किंमत लागली की त्याची जात विचारणे अवघड होते, ही गोष्ट तिने रस्त्यावर दाखविली. विकतच्या पेयाचे नाव परके राहिले, हे या दृष्टीने त्याच्या पथ्यावरच पडले असावे. पन्ह्याला सोवळे-ओवळे होते. 'लेमन'ला कोठले?

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पत्र्याच्या बुचाची बाटली गोटीला मागे सारून पुढे आली. ते बूच अमेरिकेत विल्यम पेंटर याने १८९२ साली काढले. चामराजपेटेचा जन्मही त्याच वर्षीचा, हा निव्वळ योगायोग. त्याबरोबर एक नवे सामान्यनाम आले आणि येथे देशाचे दोन तुकडे पडले. मुंबई-पुण्यापासून उत्तरेकडे त्यास 'कोल्ड ड्रिंक' म्हणतात. मराठीत त्याचे 'कोल्ड्रिंक' असे एकजीव रूप झाले. बंगळूर, हैदराबाद, मद्रास येथे तेच 'कूल ड्रिंक'. दोन्ही शब्द इंग्रजी, दोहोंचा अर्थ एकच. तथापि कोणता वापरला यावरून बोलणारा कोठे वाढला हे बहुधा ओळखता येते. दक्षिण आफ्रिकेतही 'कूलड्रिंक' म्हणतात, परंतु त्यांनी तो डच वळणाच्या आफ्रिकान्स भाषेवरून घेतला. आपल्याकडे त्याचा संबंध नाही. अमेरिकेत एका भागात 'सोडा', दुसऱ्यात 'पॉप' आणि दक्षिणेत कोणत्याही पेयाला 'कोक' म्हणतात, आणि त्यावरून तेथे विनोदी भांडणे होतात. तेव्हा हा रोग एकट्या भारताचा नाही.

सरकारी मराठीने या वस्तूला 'शीतपेय' हे नाव दिले. १९६० साली महाराष्ट्र राज्य झाले, त्याच वर्षी भाषा संचालनालय निघाले आणि परिभाषेचे मोठे काम सुरू झाले. रघुनाथपंतांच्या कोशाचीच ही पुढची पायरी म्हणता येईल. शब्द निर्दोष आहे. करांच्या अनुसूचीत, वर्तमानपत्रांत, परवान्यांवर तो सुखाने नांदतो. परंतु टपरीसमोर उभे राहून "दोन शीतपेये द्या" असे म्हणणारा माणूस दुर्मीळच. कन्नडमध्येही 'तंपु पानीय' असा शब्द आहे आणि त्याचेही नशीब हेच. कारभाराला सामान्यनाम लागते; तहानलेल्याला विशेषनाम पुरते. कोका-कोला कंपनी १९७७ साली देशातून गेली, तेव्हा सरकारी कंपनीने काढलेल्या पेयास त्या वर्षावरूनच 'डबल सेव्हन' हे नाव दिले होते; ते पेय टिकले नाही आणि शब्दही टिकला नाही. त्याच काळात पार्ल्याच्या कारखानदारांचे 'थम्सअप' घराघरांत गेले. १९९३ मध्ये परदेशी कंपनी परतली. पुढे 'गोल्ड स्पॉट' बाजारातून नाहीसे झाले, आणि एका पिढीच्या बोलण्यातले नारिंगी पेयाचे नाव त्याबरोबर गेले. बाजाराने दिलेला शब्द बाजारच परत नेतो, याचे इतके स्वच्छ उदाहरण क्वचित मिळेल.

घरच्या शब्दांवर असा कोणाचा मालकी हक्क नाही, म्हणून ते अधिक चिवट असतात. पण ते आपोआप जगतात असेही नाही. चामराजपेटेतील परिषदेने सिद्ध केलेला आठ खंडांचा कन्नड निघंटु आणि दाते-कर्वे यांनी १९३२ ते १९३८ या वर्षांत प्रसिद्ध केलेला सात खंडांचा महाराष्ट्र शब्दकोश, या दोहोंत असे शब्द सुरक्षित आहेत. कोशात मात्र त्यांना चव नसते. बंगळूरच्या मराठी घरांतील मुले शाळेत 'ज्यूस' आणि 'कूल ड्रिंक' शिकतात, आणि आजीची भाषा त्यांच्याकडे पोहोचते ती बरीचशी सणांच्या वाटेने. चैत्र शुद्ध तृतीयेला गौर बसते ती अक्षय्य तृतीयेपर्यंत; त्यातच नवमीला रामजन्म येतो. त्यामुळे एकाच महिन्यात, एकाच स्वयंपाकघरात दोन्ही पेये होतात. गुळाचे, सुंठ घातलेले, ते पानक. कैरी उकडून केलेले ते पन्हे. घरातल्या मुलांना हे दोन वेगळे शब्द वाटतात आणि ती त्यांत कधी चूक करीत नाहीत. शेजारची कन्नड बाई हळदीकुंकवाला येते, पेला हाती घेते, चव पाहते आणि म्हणते, "माविनकायि पानक!" यजमानीण म्हणते, "होय, पन्हे."